जर्मन ग्रंथ आणि इंग्रजीवर विसंबणारा वाचक

बायबल-संशोधनाच्या अभ्यासकास जर्मन भाषा अवगत असण्याची खरोखर आवश्यकता आहे काय, या प्रश्नास बहुधा 'महत्त्वाचे ते सर्व इंग्रजीत आलेलेच आहे' असे उत्तर मिळते. हे उत्तर सोयीचे खरे. परंतु ग्रंथेतिहासाच्या कसोटीस ते उतरत नाही. आल्बर्ट श्वाइट्झर यांचा येशूच्या चरित्रसंशोधनाचा परामर्श घेणारा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला व १९१० मध्ये माँटगोमेरी यांनी तो इंग्रजीत आणला. पुढे १९१३ मध्ये श्वाइट्झर यांनी त्याची पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ती काढली. येशू ही व्यक्ती होऊन गेली की नाही, या आर्थर ड्रेव्स प्रभृतींनी पेटविलेल्या वादाचा समाचार तीत नव्याने घेतलेला आहे. या आवृत्तीचे समग्र इंग्रजी भाषांतर निघाले ते २००० साली! सुमारे सत्त्याऐंशी वर्षे केवळ इंग्रजी जाणणारा वाचक ज्या पाठाचा आधार देत होता, तो ग्रंथकाराने स्वतःच मागे टाकलेला होता. शीर्षकाचीही तीच कथा. मूळ शीर्षक 'रायमारुसपासून व्रेडेपर्यंत' असे रुक्ष. 'ऐतिहासिक येशूचा शोध' ही आज रूढ झालेली मोहक शब्दयोजना भाषांतरकाराची देणगी होय.

मार्टिन केलर यांच्या १८९२ च्या निबंधात अडचण अधिक खोल आहे. त्यांचा सारा युक्तिवाद 'हिस्टोरिश' व 'गेशिख्टलिख' या दोन विशेषणांतील भेदावर उभा आहे: पहिले साधनांवरून इतिहासकाराने रचलेल्या भूतकाळाविषयी, तर दुसरे प्रत्यक्ष घडून पुढील काळावर प्रभाव गाजविणाऱ्या गोष्टीविषयी. इंग्रजी भाषांतरात यांसाठी जी दोन रूपे योजली आहेत, ती मराठीत आणू जाता दोहोंचेही 'ऐतिहासिक' होते व युक्तिवादच लोप पावतो. 'गेशिख्टे' हा शब्द 'घडणे' या अर्थाच्या धातूशी संबद्ध आहे, हे मूळ वाचणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

आमच्याकडे वापरली जाणारी वाचन-पुस्तके इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असल्यामुळे ती आपणांस नको तेथे भिववितात. 'ती व्रेडेकडून १९०१ मध्ये मांडली गेलेली उपपत्ती' अशी नामापूर्वी लांबत जाणारी विशेषणरचना इंग्रजी वाचकास दुर्घट वाटते. मराठी वाचकाच्या ती अंगवळणी पडलेलीच असते. गौणवाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद व तीन लिंगे यांविषयीही हेच म्हणता येईल. (जुन्या फ्राक्टुर मुद्रणातील 'एस' व 'एफ' यांचे साम्य तेवढे सर्वांनाच सारखे छळते.)

खरा धोका क्षुल्लक दिसणाऱ्या रूपांत आहे. दुसऱ्याचे मत सांगताना जर्मन लेखक 'इस्ट' ऐवजी 'झाय' लिहितो. आपल्या 'म्हणे'शी याचे नाते आहे, मात्र 'म्हणे'तील उपरोध त्यात असतोच असे नाही. मार्कच्या शुभवर्तमानातील मसीहत्वाची गुप्तता ही ऐतिहासिक घटना नसून श्रद्धेतून निर्माण झालेली रचना आहे, असे व्रेडे यांचे मत. श्वाइट्झर यांना ते अमान्य होते. अशा खंडनमंडनात्मक लेखनात 'झाय' दृष्टीआड झाले, तर पूर्वपक्षच सिद्धान्त म्हणून प्रबंधात उतरतो. तीच गोष्ट 'त्स्वार' या अव्ययाची: त्यामागून 'आबर' येईपर्यंत लेखकाने केवळ तात्पुरती कबुली दिलेली असते, आणि ते 'आबर' पुष्कळदा पुढील वाक्यात, क्वचित पान उलटल्यावर भेटते.