थडग्यावरची नावे, वहीतली नावे

डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांचा चौल-वसईवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. किल्ले, चर्चे आणि थडग्यांवरील शिलालेख त्यांनी आस्थेने नोंदविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु कोरीव शिळा ज्यांच्या वाट्याला आली, त्यांचीच नावे तेथे उरली.

सावित्रीकाठचे महाड-पोलादपूर पोर्तुगीज अमलाबाहेर होते. तेथील कॅथलिक कुटुंबाला पूर्वज शोधताना बहुधा किनाऱ्यावरील बाप्तिस्म्याच्या वह्याच पाहाव्या लागतील. त्याही सावधपणे वाचाव्यात. धर्मांतरितांना पोर्तुगीज आडनाव अनेकदा धर्मपित्याकडून वा धर्मगुरूकडून मिळे; तेव्हा ‘डिसोझा’ हा पोर्तुगीज रक्ताचा पुरावा ठरत नाही. बाप्तिस्म्यापूर्वीचे घराणे आजीच्या बोलीत, लग्नविधीत शोधावे लागते. त्या शोधाला द कुन्हांचा ग्रंथ पुरा पडत नाही.