परतून येणारे दुखणे : जॉर्ज हर्बर्टची कविता आणि सेवाधर्म

दुखण्याचे दोन प्रकार असतात. एक येते आणि जाते; दुसरे जाते आणि पुन्हा येते. पहिल्या प्रकारच्या दुखण्याला कथेचा आकार असतो. नवस बोलावा, औषधोपचार करावेत, माणूस उठून बसला की नवस फेडावा, आणि घराने मोकळा श्वास घ्यावा. दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यात नवस फेडण्याचा दिवसच उजाडत नाही. इंदूरच्या आमच्या घरी थोरल्या बहिणीच्या संधिवाताने आम्हांला हे वीस वर्षे शिकविले. ताईच्या समाचाराला येणारी मंडळी भली होती. "देवावर श्रद्धा ठेवा, सारे ठीक होईल," असे ती मनापासून म्हणत. पण जे वाक्य पहिल्या वर्षी धीर देते, तेच दहाव्या वर्षी आरोपासारखे ऐकू येऊ लागते. ठीक झाले नाही, त्या अर्थी श्रद्धेतच काही उणे असले पाहिजे!

धार्मिक वाङ्मयाचीही येथेच परीक्षा होते. साक्षात्काराची, चमत्काराची आणि व्याधिमुक्तीची वर्णने सर्व धर्मांत विपुल आहेत. व्याधी परत आल्यावर काय, या प्रश्नापाशी मात्र बहुतेक ग्रंथ मौन पत्करतात. जे थोडे कवी तेथे थांबले, त्यांत सतराव्या शतकातील इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्ट याचे स्थान मला फार वरचे वाटते. महाविद्यालयात त्याला आपण 'मेटाफिजिकल' कवींच्या यादीत, जॉन डन याच्यानंतरचे नाव म्हणून वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. प्रस्तुत लेखात त्याची कविता आणि त्याने पाद्र्याच्या कर्तव्यांवर लिहिलेले छोटे गद्य पुस्तक ही दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याचा विचार आहे. ही दोन पुस्तके सहसा वेगवेगळी वाचली जातात, आणि त्यामुळे दोहोंवर अन्याय होतो, असे माझे मत आहे.

हर्बर्टचा जन्म १५९३ चा, घराणे सरदारी. १६२० मध्ये तो केंब्रिज विद्यापीठाचा 'पब्लिक ऑरेटर' झाला. विद्यापीठाच्या वतीने राजदरबाराशी लॅटिनमध्ये पत्रव्यवहार आणि भाषणे करण्याचे हे पद म्हणजे पुढील राजकीय उत्कर्षाची पायरीच. १६२४ मध्ये तो पार्लमेंटातही बसला. परंतु हा मार्ग सोडून १६३० मध्ये त्याने सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या खेड्यात पाद्रीपद स्वीकारले. तेथे त्याला पुरती तीन वर्षेही मिळाली नाहीत. १ मार्च १६३३ रोजी, चाळिसावा वाढदिवस महिन्यावर आला असता, क्षयाने त्याचा अंत झाला.

मात्र आजार हा त्याच्या आयुष्याचा केवळ शेवट नव्हता; तो त्याचा कायमचा सोबती होता. केंब्रिजमधून सावत्र वडिलांना लिहिलेल्या पत्रात पुस्तकांचा खर्च आणि आजारपणातील पथ्याच्या अन्नाचा खर्च यांची तोंडमिळवणी होत नसल्याची तक्रार आहे. लुईजी कोर्नारो या इटालियन गृहस्थाच्या मिताहारावरील निबंधाचा हर्बर्टने केलेला अनुवाद त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ मध्ये छापला गेला. वारंवार ताप येणारा विद्वान मोजून खाण्यावरचे पुस्तक भाषांतरित करीत बसला आहे, या चित्रात करुणा आहे आणि किंचित विनोदही आहे. जुनाट दुखणे भोगणाऱ्या प्रत्येक घरात असे एखादे पथ्याचे पुस्तक असतेच.

हर्बर्टच्या हयातीत त्याची इंग्रजी कविता ग्रंथरूपाने आली नाही. 'द टेंपल' हा संग्रह त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १६३३ मध्ये, केंब्रिज येथे प्रसिद्ध झाला. त्यात 'अफ्लिक्शन', म्हणजे क्लेश किंवा पीडा, या एकाच शीर्षकाच्या पाच कविता आहेत. त्या एका ठिकाणी नाहीत, संग्रहात विखुरल्या आहेत. वाचक एका क्लेशातून बाहेर पडतो, स्तुतीच्या, सणाच्या, चर्चच्या वास्तूवरच्या कविता वाचतो, आणि पान उलटताच तेच शीर्षक पुन्हा समोर येते. दुखणे परतावे तशीच ही रचना परतते.

यांतील पहिली कविता जवळजवळ आत्मचरित्रपर आहे. ईश्वराची चाकरी पत्करली तेव्हा सारे कसे आनंदाचे होते, मग शरीर कसे वेदनांनी भरले, बरे वाटू लागते न लागते तोच मित्र कसे निवर्तले, ग्रंथांत रमावे तर पुन्हा आजार कसा कोसळला, याचा हिशेब कवी मांडतो. ही स्तोत्राची भाषा नव्हे. जुन्या नोकराने धन्यापुढे वहीच उघडावी, तसा हा प्रकार आहे. एके ठिकाणी तो म्हणतो की, आपण झाड असतो तर बरे झाले असते; निदान एखाद्या पाखराला घरट्यापुरता उपयोग झाला असता. आजारी माणसाचे सर्वांत खोल दुःख वेदना हे नसते, निरुपयोगी ठरण्याची भीती हे असते, हे येथे किती साधेपणाने सांगितले आहे! चाकरी सोडून दुसरा धनी पाहीन, अशी धमकीही कवी देतो आणि दुसऱ्याच क्षणी प्रेमाच्या गुंत्यात अडकून थांबतो. प्रश्न मात्र सुटत नाही.

'द फ्लॉवर' ही कविता या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हिवाळ्यात फुले जमिनीखाली, मुळांच्या घरी निघून जातात आणि वसंतात वर येतात. तसेच वाळून गेलेले आपले मन पुन्हा हिरवे झाले, याचे कवीला नवल वाटते. इतक्या वर्षांनी पावसाचा आणि दवाचा वास पुन्हा येतो आहे, पुन्हा कविता लिहावीशी वाटते आहे, असे तो म्हणतो. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी चहाची चव लागावी, तशी ही जाणीव शारीरिक आहे. मात्र कविता येथे संपत नाही, हे तिचे मोठेपण. हा वसंत कायमचा नाही, हे कवी जाणतो. जेथे फूल कोमेजत नाही अशा नंदनवनात एकदाचे पोचावे, असे त्याला वाटते. पण तो अजून तेथे पोचलेला नाही. येथे मिळालेला आनंद खरा आहे आणि तो जाणारही आहे. ही दोन विधाने एकमेकांना खोडीत नाहीत, हाच या कवितेचा धर्मविचार.

मराठी वाचकाला देवाशी भांडणे नवे नाही. तुकोबांनी विठ्ठलाला जे सुनावले आहे, त्यापुढे हर्बर्टची तक्रार दरबारी रीतीची आणि सौम्यच वाटेल. पण एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. वारकरी कवीचे भांडण भर कीर्तनात, चार लोकांच्या देखत होते. त्याच्या मागे टाळ वाजत असतात. हर्बर्टचे भांडण बंद खोलीत आहे. त्याच्या कवितेत 'मी' आणि 'तू' यांखेरीज तिसरे माणूस क्वचितच दिसते. मग चर्च म्हणजे जी माणसांची मंडळी, ती कोठे गेली?

या प्रश्नाचे उत्तर गद्य पुस्तकात सापडते. 'अ प्रीस्ट टू द टेंपल', उपशीर्षकाने 'द कंट्री पार्सन', हे ३७ छोट्या प्रकरणांचे पुस्तक. प्रस्तावना १६३२ ची, प्रकाशन मात्र १६५२ चे. चर्चची रुग्णसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इस्पितळ उभे राहते. सीमाभागातील जुन्या घरांना डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले मिरजेचे मिशन इस्पितळ आठवेल, कोणाला वेल्लोर आठवेल. हर्बर्टच्या खेड्यात असे काही नव्हते. त्याचा पाद्री आठवड्याच्या दिवशी दुपारी गावात फिरतो, आणि गरिबाच्या झोपडीत वाकून, रांगत शिरावे लागले, आतली दुर्गंधी असह्य असली, तरी शिरतो. त्याने थोडे वैद्यक जाणावे, शरीररचनेचे एक, औषधांचे एक आणि वनस्पतींचे एक पुस्तक बाळगावे, आणि शहरातील औषधविक्याच्या महाग द्रव्यांपेक्षा आपल्या बागेतली व शिवारातली पाने-मुळे वापरावीत, असे हर्बर्ट सांगतो. पाद्र्याच्या पत्नीच्या अंगी जे गुण हवेत, त्यांत जखमा आणि व्रण स्वतःच्या हातांनी बरे करण्याचे कौशल्य त्याने आवर्जून घातले आहे. आपल्याकडील आजीबाईचा बटवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे प्रकरण घरचेच वाटेल.

तरी या पुस्तकाची भलामण डोळे मिटून करता येणार नाही. दानधर्माच्या प्रकरणातील पाद्री भिक्षा देण्याआधी याचकाकडून प्रार्थना, श्रद्धासूत्र आणि दहा आज्ञा म्हणून घेतो, आणि ज्याला त्या चोख येतात त्याला अधिक देतो. येथे सेवा ही परीक्षा होते. भुकेल्याने आधी पाठांतर दाखवावे, ही अपेक्षा कोणत्याही धर्मात कुरूपच दिसते. आयझॅक वॉल्टनने १६७० मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे हर्बर्टभोवती संतपणाचे जे वलय निर्माण झाले, त्यात असे कोपरे झाकले गेले. वॉल्टनची एक कथा प्रसिद्ध आहे. सॉल्झबरीला संगीतमंडळीकडे जाताना हर्बर्टला वाटेत एका गरिबाचा घोडा ओझ्याखाली कोसळलेला दिसला. अंगातला झगा उतरवून त्याने मदत केली आणि चिखलाने माखलेल्या स्थितीत तो मैफलीत पोचला. कथा गोड आहे. पण तिच्यातला हर्बर्ट कधी थकत नाही, चिडत नाही, खोकत नाही.

म्हणूनच दोन्ही पुस्तके एकत्र वाचणे अगत्याचे आहे. गद्यातील पाद्री एकटा वाचला तर तो फार नीटनेटका, सर्व प्रश्नांची उत्तरे ठाऊक असलेला वाटतो. कवितेतील 'मी' एकटा वाचला तर तो स्वतःच्याच वेदनेत कोंडलेला वाटतो. पण ज्याने रात्री देवापुढे हिशेबाची वही आदळली, तोच दुपारी झोपडीत वाकून शिरतो आहे, हे लक्षात येताच दोघेही खरे होतात. त्याची सेवा त्याच्या शंकेच्या निरसनानंतर सुरू होत नाही. शंकेच्या बरोबरीने चालते. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. फेरी मात्र चुकत नाही. परतून येणाऱ्या दुखण्याला या माणसाजवळ परतून येणाऱ्या कर्तव्याखेरीज उत्तर नव्हते, आणि याहून मोठे उत्तर असल्याचा आव त्याने कवितेत कोठे आणलेला नाही.

वॉल्टनच्या सांगण्यानुसार मृत्युशय्येवरून हर्बर्टने आपले हस्तलिखित निकोलस फेरार या मित्राकडे धाडले. एखाद्या खचलेल्या जीवाला त्याचा उपयोग होईल असे वाटले तर छापावे, नाही तर जाळावे, असा निरोप होता. निवडही अर्थपूर्ण होती. फेरार आणि त्याचे कुटुंब लिटल गिडिंग या ठिकाणी प्रार्थना, मुलांचे शिक्षण आणि आसपासच्या आजाऱ्यांना औषधपाणी अशा नित्यक्रमाने राहत होते. टी. एस. एलियटच्या १९४२ मधील कवितेमुळे हे नाव साहित्यात अधिक परिचित झाले.

खचलेल्या जीवाची गोष्ट पुढे अक्षरशः खरी ठरली. तीव्र डोकेदुखीने वर्षानुवर्षे ग्रासलेली फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिला १९३८ मध्ये सोलेमच्या मठातील ईस्टरच्या दिवसांत एका इंग्रज तरुणाकडून या कवींची ओळख झाली. 'द टेंपल'मधील 'लव्ह' ही कविता तिने पाठ केली आणि वेदना शिगेला पोचली की ती म्हणू लागली. आपण नुसती सुंदर कविता म्हणतो आहोत असे आधी वाटले, पण नकळत तिची प्रार्थना झाली, असे तिने पुढे पत्रात लिहिले. डोकेदुखी मात्र गेली नाही.

या कवितेत घडते ते एवढेच. प्रेम हा यजमान आहे आणि दारातला पाहुणा संकोचाने मागे सरतो आहे. आपण या घरी बसण्यास अपात्र आहोत, असे तो सांगतो. यजमान हात धरतो. मग पाहुणा म्हणतो, निदान मला वाढण्याचे काम द्या. यजमान त्याला बसायला आणि जेवायला सांगतो. आणि तो बसून जेवतो. आग्रह आणि संकोच यांत वाढलेल्या मराठी माणसाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. आयुष्यभर सेवा करणाऱ्या कवीने संग्रहातील आपल्या या मंदिराच्या अखेरीस सेवा घेण्याची कविता ठेवली आहे. सेवाधर्माचा हा दुसरा, अधिक अवघड अर्धा भाग. दुसऱ्याला वाढणे सोपे असते. पाटावर बसून राहणे कठीण.

ताईच्या बाबतीत मी हे पाहिले आहे. घरातल्या सर्वांचे तिने केले होते. बोटे वाकडी झाल्यावर स्वतःची वेणी घालणे तिला जमेना. शेजारी एक निवृत्त ख्रिस्ती परिचारिका राहत. रविवारी चर्चमधून परतताना त्या आमच्याकडे येत आणि ताईचे केस विंचरून देत. पहिले काही रविवार ताईने "राहू द्या हो, कशाला त्रास," म्हणून टाळले. नंतर ती शनिवारीच फणी आणि तेलाची वाटी खिडकीत काढून ठेवू लागली. बरे होण्याविषयी, श्रद्धेविषयी त्या बाई कधी बोलल्याचे मला स्मरत नाही. हर्बर्टच्या पाद्र्याने त्यांच्याकडून एवढे तरी शिकावयास हवे होते, आणि त्याच्या कवितेने ते ओळखले असते.