विद्यापीठ नावाचा तुरुंग

लेआ युपी यांचे ‘फ्री’ हे २०२१ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मकथन आम्ही शिक्षकाच्या नजरेने वाचले. दुसरी नजर आमच्यापाशी नाही. पुस्तक अल्बेनियाचे आहे. एन्व्हर होजाने १९८५ साली मरेपर्यंत हा देश जगापासून बंद करून ठेवला होता. (होजा म्हणजे आपलाच ‘ख्वाजा’. त्याच नावाच्या माणसाने १९६७ साली मशिदींना कुलपे लावली!)

लहानग्या लेआच्या घरात वडीलधारी मंडळी नेहमी आप्तांच्या शिक्षणाविषयी बोलतात. कोण कुठल्या विद्यापीठात गेला, विषय कोणता होता, पदवी मिळाली की नाही. आजोबांचे ‘शिक्षण’ तर पंधरा वर्षे चालले. राजवट ढासळल्यावर मुलीला उलगडा होतो. विद्यापीठ म्हणजे तुरुंग. ‘बी’ म्हणजे बुरेलचा तुरुंग. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय म्हणजे देशद्रोहाचा आरोप. पदवी म्हणजे सुटका आणि ‘काढून टाकले’ म्हणजे मृत्युदंड. माजी पंतप्रधान जाफर युपी हे तिचे सख्खे पणजोबा. पण घरी सांगितले जाई, नुसते नाव सारखे आहे.

आईबाप पोटच्या मुलीशी खोटे का बोलले? कारण पोर शाळेत जात होती. शाळेत नोरा बाई होत्या, स्टॅलिनच्या प्रेमळ डोळ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या. या बाई दुष्ट नाहीत, मनापासून शिकवतात. इथे आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. घरातले खरे ज्या व्यक्तीपासून लपवायचे, ती व्यक्ती म्हणजे वर्गशिक्षिका!

बाकी तपशील साधेच, पण खरे. रांगेत माणसाऐवजी दगड किंवा पिशवी उभी. कोलाचा रिकामा डबा दिवाणखान्याची शोभा, आणि त्यावरून शेजाऱ्यांशी भांडण.

आपल्याकडे अल्बेनियाची आठवण निघते ती केवळ मशिदींपुरती. चर्चही तेव्हाच बंद झाली, हे आपण विसरतो. १९९१च्या जानेवारीत तिरानाच्या एथेम बे मशिदीत हजारो लोक शिरले, ती घटना मोठीच. पण त्याआधीची तेवीस वर्षे माणसे घरात दबक्या आवाजात कशी जगली, हे समजायला असे पुस्तक लागते.

उणीव सांगायलाच हवी. हे शहरी, शिकलेल्या, एके काळच्या खानदानी घराचे दुःख आहे. सहकारी शेतीवर राबणाऱ्या कुटुंबाचे मन यात फारसे उमटत नाही. उत्तरार्ध मात्र चुकवू नये. १९९७ साली दामदुपटीच्या योजना बुडाल्या, लोकांची पुंजी गेली, यादवी पेटली. ते पान लेखिकेने डायरीच्या रूपात लिहिले आहे. नव्या स्वातंत्र्यालाही ती सूट देत नाही, आणि म्हणूनच होजाविषयीचे तिचे म्हणणे आम्हाला विश्वासार्ह वाटले.