रुपया पडला की विमानप्रवास वाढतो? एका नेहमीच्या संशोधन पद्धतीची तपासणी



पेट पास झाल्यावर आराखडा लिहायला बसलेले बरेच जण विचारतात, "ताई, चलन जोखीम हा विषय घेऊ का? सोबत विमान वाहतूक जोडली तर चालेल?" विषय जरूर घ्या. पण या विषयावर ज्या पद्धतीने आराखडे लिहिले जातात, त्या पद्धतीबद्दल मला आज थोडं कडक बोलायचं आहे. सुरुवात स्वतःपासूनच करते, कारण माझा पहिला आराखडा अगदी असाच होता.

पद्धत अशी. एका रकान्यात रुपया-डॉलरचा दर, दुसऱ्यात विमान प्रवाशांची संख्या. सहसंबंध काढायचा, रिग्रेशन चालवायचं आणि निष्कर्ष लिहायचा. डेटा फुकट मिळतो, सॉफ्टवेअर दोन मिनिटांत उत्तर देतं. अडचण त्या उत्तरातच आहे.

आकडे बघा. 2013 च्या सुरुवातीला डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता, 2023 च्या शेवटी 83 च्या आसपास. याच काळात देशांतर्गत विमान प्रवासी सुमारे 6.1 कोटींवरून 15.2 कोटींवर गेले. दोन्ही रेषा वर चढतात. म्हणजे सहसंबंध भक्कम येणार आणि त्याचा अर्थ निघणार की रुपया जितका पडेल तितके लोक विमानात बसतील! माझ्या मार्गदर्शकांनी तो तक्ता पाहून एवढंच विचारलं, "मग रिझर्व्ह बँकेला सांगायचं का, रुपया पाडा म्हणून?"

याला आभासी सहसंबंध म्हणतात. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं की काळाबरोबर भटकत जाणाऱ्या, स्थिर नसलेल्या दोन मालिका एकमेकींशी काहीही नातं नसताना 'सार्थ' दिसू शकतात. म्हणून पहिला नियम: मूळ आकडे थेट रिग्रेशनमध्ये घालू नका, आधी मालिका स्थिर आहे का ते तपासा. नसेल तर बदलाचे दर घ्या.

आता दुसरी चूक. ही जास्त चकवते.

आपल्या विमान कंपन्यांचं तिकीट रुपयात विकलं जातं. पण विमानाचं भाडं, इंजिनाची देखभाल आणि सुटे भाग यांचा हिशोब बहुतेक डॉलरमध्ये होतो. इंधन रुपयात घेतलं तरी त्याचा भाव जागतिक बाजाराच्या मागे चालतो. म्हणून रुपया पडला की कंपनी अडचणीत, असं आपण सरळ लिहून टाकतो. पण 2014 ते 2016 हा काळ बघा. रुपया 60 वरून 67-68 पर्यंत घसरला. तरीही 2015 मध्ये देशांतर्गत प्रवासी सुमारे 20 टक्के वाढले आणि 2016 मध्ये 23 टक्के. कारण कच्चं तेल शंभर डॉलरच्या वरून जानेवारी 2016 मध्ये तीसच्याही खाली आलं होतं. तेलाला वगळून रुपयाचा परिणाम मोजला, तर तुम्ही नक्की काय मोजलं?

हे मला पुस्तकातून नाही, मुकुटबनला घरी कळलं. दिवाळीत बाबांना विषय समजावून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉलर वाढला तं कापूस बाहेर महाग विकते म्हणतं. मंग आपल्याले भाव काहून नाही भेटला?" उत्तर तेच आहे. 2014 मध्ये रुपया कमजोर होत असताना जगात कापसाचा डॉलरमधला भावही पडत होता. एकाने वर ढकललं, दुसऱ्याने खाली ओढलं. आणि ज्याला घरखर्चासाठी दिवाळीतच कापूस विकायचा असतो, त्याला भाव चढेपर्यंत थांबता येत नाही. जोखीम सगळ्यांवर असते, पण फटका ज्याला थांबता येत नाही त्याला बसतो. माझ्या आराखड्यात हा प्रश्नच नव्हता.

इथे तिसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार येते. या क्षेत्रातली प्रतिष्ठित पद्धत ॲडलर आणि ड्यूमास यांच्या 1984 च्या लेखातून आली: विनिमय दर बदलला की कंपनीचं मूल्य किती बदलतं, तो रिग्रेशनचा गुणांक म्हणजे जोखीम. जोरियन यांनी 1990 मध्ये 287 अमेरिकन बहुराष्ट्रीय कंपन्यांवर शेअरच्या परताव्यातून हे मोजलं. 5 टक्के पातळीवर फक्त 15 कंपन्यांचा गुणांक सार्थ आला. 287 चे 5 टक्के म्हणजे जवळपास 14, म्हणजे निव्वळ योगायोगानेही साधारण एवढ्या निघाल्या असत्या. तरी परदेशी व्यवहार जास्त त्या कंपनीचा गुणांक मोठा, हा त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि मांडणी स्वच्छ आहे. पद्धत वाईट नाही. आपण ती जशीच्या तशी इकडे आणतो, ते चुकतं.

कारण शेअरचा भाव फक्त नोंदणीकृत कंपनीला असतो. जेट एअरवेज नोंदणीकृत होती, एप्रिल 2019 मध्ये तिची उड्डाणं थांबली. गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली, ती शेअर बाजारात आलीच नव्हती. नांदेड-हैदराबाद सेवा 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेत सुरू करणारी ट्रूजेट 2022 मध्ये थांबली, तीही बाजाराबाहेरच. मग 2020 नंतरच्या नमुन्यात उरतं कोण? मुख्यतः इंडिगो आणि स्पाइसजेट. म्हणजे आपण वाचलेल्यांना विचारतो की पुरात किती जण बुडाले. बंद पडलेल्या कंपन्या रुपयामुळेच बुडाल्या असं मी म्हणत नाही. गो फर्स्टने इंजिनांचं कारण दिलं होतं. मुद्दा एवढाच की ज्या नमुन्यात त्या नाहीतच, तो नमुना त्यांच्या जोखमीबद्दल काही सांगू शकत नाही.

आणखी एक खड्डा हिशोबाचा. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 लागू झालं आणि भाड्याच्या विमानांचं दायित्व ताळेबंदात आलं. ते डॉलरमध्ये असेल तर प्रत्येक तिमाहीला नव्या दराने मोजलं जातं आणि रोख पैसा न जाताही तोटा दिसतो. 2018 चा आणि 2020 चा 'विनिमय तोटा' एकाच रांगेत मांडला, तर नियम बदलल्याला तुम्ही जोखीम वाढली म्हणाल.

मग करायचं काय? माझ्या अनुभवावरून तीन गोष्टी सांगते.

1. प्रश्न लहान करा. "चलन जोखमीचा विमान वाहतुकीवर परिणाम" हा प्रश्न नाही, ते प्रकरणाचं नाव झालं. "रुपया पडल्यावर पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या मार्गांवरची उड्डाणं कमी झाली?" हा प्रश्न आहे.

2. वार्षिक अहवालातल्या टिपा वाचा. रुपया अमुक टक्के हलला तर नफा कितीने हलेल, याची संवेदनशीलता इंड एएस 107 नुसार द्यावी लागते. डीजीसीएची मासिक आकडेवारीही खुली आहे. यासाठी कोणतंही महागडं डेटाबेस लागत नाही.

3. नमुन्यात कोण नाही, याचा एक परिच्छेद लिहाच. परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

आमच्या यवतमाळला धावपट्टी आहे, 2009 मध्ये ती नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबादसोबत खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली. नियमित प्रवासी विमान मात्र तिथून नाही. कोणत्याही रिग्रेशनमध्ये यवतमाळची ओळ येत नाही, कारण तिथे प्रवासी शून्य. पण विमान डॉलरच्या भाड्याचं आणि मार्ग कमी प्रवाशांचा असेल, तर रुपयाची जोखीम कोण उचलणार हा प्रश्न सगळ्यात आधी अशाच गावाला विचारायला हवा. माझा दुसरा आराखडा त्या प्रश्नावर आहे. बाबांना तो पहिल्या फटक्यात समजला, हे मी शुभचिन्ह समजते.

तुमचा आराखडा तयार असेल तर आधी एकच गोष्ट करा: तुमच्या नमुन्यातून गळालेल्यांची यादी काढा. बहुतेक वेळा खरा विषय त्या यादीत सापडतो.