वानरांचें राज्य आणि एका तासाचें अरण्य

मराठी प्रवासवर्णनाची सरहद्द अलीकडे पुष्कळच पुढें सरकली आहे. एके काळीं काशी-रामेश्वर आणि फार तर विलायत येथवर थांबणारें हें वाङ्मय आतां विषुववृत्तावरील घनदाट अरण्यांत जाऊन पोहोंचलें आहे. पश्चिम युगांडांतील किबालेच्या अरण्यांत चिंपांझींचा माग काढीत हिंडण्याची सफर आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांनाही आज अगदींच अप्राप्य राहिलेली नाहीं; आणि सफर झाली म्हणजे तिच्यावर लेख होणें हें ओघानेंच आलें. असल्या लेखनाचें मोल कोणत्या कसोटीवर ठरवावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ती कसोटी शोधण्यासाठीं आम्हांस दूर जावें लागत नाहीं. व्यंकटेश माडगूळकर यांनीं 'सत्तांतर' या आपल्या छोट्या कादंबरीनें ती १९८२ सालींच मराठींत घालून दिली आहे.

प्रथम या प्रवासवर्णनांचा सांचा पाहूं. विमान, धुळीचा रस्ता, पहाटेचें धुकें, बंदूकधारी वाटाड्या. मग झाडांतून उठणारा कल्लोळ, वर फांदीवर बसलेली काळी आकृति, तिच्या डोळ्यांत दिसलेलें 'माणूसपण', आणि शेवटीं मनुष्यजातीच्या उद्धटपणावर दोन उसासे. प्रत्यक्ष दर्शनाचा अवधि अवघा एक तास असतो. हा नियम योग्यच आहे. माणसाचा साधा खोकला-पडसेंही चिंपांझीच्या जिवावर बेतूं शकतें, म्हणूनच भेटीची वेळ आणि अंतर हीं दोन्ही बांधून दिलेलीं आहेत. तेव्हां आमचा आक्षेप त्या तासावर नाहीं. त्या एका तासांतून आयुष्यभराचें तत्त्वज्ञान पिळून काढण्याचा जो हव्यास लेखकाला होतो, त्यावर आहे.

कारण तो तास ज्या पायावर उभा असतो, त्याची दखल या लेखांत क्वचितच घेतलेली आढळते. रानटी चिंपांझी माणसाला पाहतांच पळतो. त्याला माणसाच्या सहवासाची संवय लागण्यासाठीं माग काढणाऱ्यांना वर्षानुवर्षें रोज त्याच्या मागें जावें लागतें. रात्रीं त्यानें फांद्या वांकवून घरटें कोठें केलें हें पाहून ठेवून पहाटे पुनः तेथें उभें राहावें लागतें. जेन गुडाल १९६० सालीं टांगानिकांतील गोंबे येथें गेल्या, तेव्हां पहिले कांहीं महिने त्यांना दुर्बिणीवरच समाधान मानावें लागलें. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीं चिंपांझीला गवताची काडी वारुळांत घालून वाळवी काढतांना पाहिलें, आणि हत्यार वापरणें हें माणसाचेंच लक्षण, या समजुतीस धक्का बसला. परंतु पुढील नोंद अधिक कठोर होती. १९७४ ते १९७८ या काळांत तेथील एकाच समूहांतून फुटून निघालेल्या तुकडीचे नर मूळ समूहांतील नरांनीं एकेक करून संपविले. ज्या किबालेंत आज पाहुणे जातात, त्याच अरण्याच्या न्गोगो भागांतील दहा वर्षांच्या नोंदींवरून २०१० सालीं असें प्रसिद्ध झालें, कीं तेथील चिंपांझींनीं शेजाऱ्यांना ठार मारीत आपली हद्द एक-पंचमांशाहून अधिक वाढविली. हें एका तासांत दिसत नाहीं. तासाभरांत दिसतो तो अंजीर खाणारा, पिलाला पोटाशीं धरणारा, निवांत प्राणी. दोन्ही चित्रें खरींच आहेत. पण पहिल्यावाचून दुसऱ्यास अर्थ नाहीं.

आतां 'सत्तांतर'कडे वळूं. या पुस्तकांतील प्राणी चिंपांझी नव्हेत. आपल्या रानांत, गांवांत आणि देवळांच्या आवारांत दिसणारे काळ्या तोंडाचे वानर आहेत. एक धिप्पाड नर, त्याच्याभोंवतीं अनेक माद्या आणि त्यांचीं पिलें, अशी यांची टोळी असते. टोळीबाहेरचे नर वेगळे जथे करून हिंडतात आणि संधि साधून टोळीवर चाल करतात. जुना नर हटला, कीं नवा नर पुष्कळदां अंगावर पिणारीं पिलें मारतो. माडगूळकरांनीं हा विषय मधाळ न करतां, आणि त्याचें भांडवलही न करतां, सरळ सांगितला आहे. त्यांना १९८३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार याच कृतीबद्दल मिळाला.

या विषयामागें शास्त्रज्ञांचा एक मोठा वाद आहे, आणि त्याचा आरंभ मराठी मुलखाच्या शेजारींच झाला. १९५८ ते १९६० च्या सुमारास फिलिस जे या विदुषीला मध्य व उत्तर भारतांत वानरांच्या टोळ्या शांत दिसल्या होत्या. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं जपानचे युकिमारु सुगियामा यांनीं धारवाडच्या रानांत टोळी उलथून पडलेली आणि पिलें मारलीं गेलेलीं नोंदविलीं. दाटीमुळें आलेली ही विकृति आहे, असें कांहींचें मत पडलें. सारा हर्डी यांनीं अबूच्या पहाडावरील निरीक्षणांवरून १९७७ सालीं उलट बाजू मांडली: पीत पिलूं नाहींसें झालें म्हणजे मादी लौकर माजावर येते, आणि अल्पकाळ टिकणाऱ्या नराला स्वतःचा वंश मागें ठेवतां येतो, म्हणून हें कृत्य वेडेपणाचें नसून हिशेबाचें आहे. येथें हिशेब म्हणजे वानरानें मनांत केलेला बेत नव्हे, हें वाचकानें विसरूं नये.

'सत्तांतर' प्रसिद्ध झालें तेव्हां १९७७ सालच्या दिल्लीतील उलथापालथीच्या आठवणी ताज्या होत्या. त्यामुळें वानरांच्या मिषानें लिहिलेली ही राजकीय रूपककथा आहे, असें वाचण्याचा मोह अनेकांस झाला व अजूनही होतो. या वाचनास आधार नाहीं असें नव्हे; ग्रंथाचें नांवच मंत्रालयांतून उचलल्यासारखें आहे. तथापि आमच्या मतें या वाचनानें पुस्तक लहान होतें. पशूंना मुखवटा करून माणसांविषयीं बोलण्याची परंपरा आमच्याकडे पंचतंत्रापासून चालत आलेली आहे. वानरापुरतें बोलायचें तर तो आम्हांस वेशीवरचा मारुति म्हणून पूज्य, कोलीत हातीं घेतलेलें माकड म्हणून हास्यास्पद, आणि बागाइतीचा शत्रु म्हणून तापदायक. स्वतःचें कांहीं असलेला प्राणी म्हणून तो वाङ्मयांत फारसा आलाच नव्हता. माडगूळकरांनीं मुखवटा उतरविला. त्यावर पुनः पुढाऱ्यांचे चेहरे चिकटविणें म्हणजे त्यांनीं केलेलें काम पुसून टाकणें होय. वानराच्या कृत्यांत माणसाला आपली सबब सांपडतां कामा नये, आणि आपली निंदाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे, आणि ती त्या नांवांतच आहे. वानरांच्या टोळींत नर येतात आणि जातात. माद्या जन्मल्या टोळींतच राहतात. आजी, आई, लेक यांचा हा गोतावळा त्याच झाडांवर, त्याच पाणवठ्यावर पिढ्यान् पिढ्या टिकून असतो. अर्थात् 'सत्तांतर' ही नरांच्या बाजूची बातमी झाली; मुलूख कोणाचा, असें विचारलें तर उत्तर निराळें येईल. चिंपांझींत याच्या उलट असतें: तेथें नर जन्मभूमि सोडीत नाहींत, वयांत येणाऱ्या माद्या बहुधा परक्या समूहांत जातात. एकाचा न्याय दुसऱ्याला लावतां येत नाहीं, आणि दोघांचाही माणसाला लावतां येत नाहीं. ज्या प्रवासलेखकाला हा भेद ठाऊक नाहीं, त्याला फांदीवरच्या प्रत्येक डोळ्यांत आपलाच चुलतभाऊ दिसत राहणार.

मग हौशी प्रवाशानें लिहूंच नये काय? लिहावें, पण आपण काय पाहिलें आणि काय वाचलें, यांची सरमिसळ करूं नये. माग काढणाऱ्या मनुष्याला केवळ 'आमचा वाटाड्या' म्हणून सोडून देऊं नये. त्यानें मोडलेल्या फांदीवरून, विष्ठेवरून, दूरच्या आरोळीवरून काय ओळखलें, तें त्याला विचारून टिपून घ्यावें. एकाच ठिकाणीं राहून पाहिल्यानें गद्याला कसें बळ येतें, याचें उदाहरण म्हणून माडगूळकरांचेंच 'नागझिरा' समोर ठेवावें.

ही सूचना घरच्याही उपयोगाची आहे. आम्ही ज्या आगाशींत बसून हें लिहितों, तेथून पूर्वेला, रेल्वेपलीकडे, तुंगारेश्वराचा डोंगर आहे. २००३ सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. इकडे समुद्राच्या बाजूस केळींच्या वाड्या, तिकडे बिबट्याचें रान, आणि मध्यें वसई-विरारच्या इमारतींचें वाढतें जंगल. २०२४ सालीं वसईच्या किल्ल्यांत बिबट्या वावरूं लागला आणि कांहीं आठवड्यांनीं पिंजऱ्यांत सांपडला. तेवढे दिवस त्याच्यावर रकानेच्या रकाने आले. बिबट्या पकडला गेला आणि लिहिणेंही थांबलें. तो कोठून आला, कोणत्या वाटेनें, त्या वाटेवर आज काय उभें आहे, याचा शोध घेणारें पुस्तक मराठींत अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं. युगांडाला जाण्यापेक्षां त्याला खर्च कमी पडेल. वेळ मात्र एका तासाहून पुष्कळच अधिक लागेल.