शाश्वत जीवनाची आशा आणि आपला संसार

मिस्सेत आपण विश्वासाचा अंगीकार करतो तेव्हा मृतांच्या पुनरुत्थानाची व शाश्वत जीवनाची ग्वाही देतो. मात्र रविवारी दिलेल्या या ग्वाहीचा सोमवारच्या जगण्याशी काय संबंध, असा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या ३० नोव्हेंबर २००७ च्या ‘स्पे साल्वी’ या परिपत्रकाचा गाभा हाच प्रश्न आहे. पन्नास परिच्छेदांचे हे पत्र आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने किती उपयोगी आहे, याचा येथे विचार करू.

स्वर्गाचे आश्वासन देऊन धर्म गरिबांना अन्याय सोसावयास शिकवितो, हा मार्क्सचा आक्षेप सर्वज्ञात आहे. पोपमहोदय मार्क्सच्या विचाराचा सविस्तर परामर्श घेतात. तथापि आमच्या मते या आक्षेपाचे खरे उत्तर त्या तात्त्विक चर्चेत नसून आरंभीच्या एका जीवनकथेत आहे. ती कथा संत जोसेफिन बखिता यांची.

सुदानमधील दार्फुर प्रांतात सुमारे १८६९ साली बखितांचा जन्म झाला. नवव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे अपहरण झाले, पाच वेळा त्यांची विक्री झाली. फटक्यांचे १४४ व्रण त्यांनी जन्मभर अंगावर वागविले. पुढे इटलीत त्यांना असा धनी कळला, जो त्यांच्यावर प्रेम करीत होता आणि ज्याने स्वतःही फटके सोसले होते. त्यांना सुदानला परत नेण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी न्यायालयाने त्यांना स्वतंत्र ठरविले, ९ जानेवारी १८९० रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर कनोसा धर्मभगिनी होऊन त्यांनी सॅक्रिस्टीत आणि मठाच्या दारावर सेवा केली. १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांना संतपद मिळाले.

शाश्वताच्या आशेने बखितांना गुलामी निमूट सोसावयास नव्हे, तर ती नाकारावयास बळ दिले. खेद एवढाच की, पत्रात हा नकार एका वाक्यात उरकला आहे.

पत्राची दुसरी उणीव अशी की, त्यातील आशेचे साक्षीदार बहुतांशी बिशप, धर्मगुरू, मठवासी व हुतात्मे आहेत. प्रोबा नावाची रोमन विधवा भेटते, पण ती संत ऑगस्टीन यांच्या पत्राची वाचक म्हणून. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून किंवा कर्ज फेडणारा बाप यांनी स्वतःला कोठे शोधावे?

अशा वाचकांसाठी चाळिसावा परिच्छेद महत्त्वाचा आहे. दिवसभरातील लहानसहान त्रास ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून देवाला अर्पण करण्याची जुनी रीत पुन्हा अंगीकारण्याजोगी आहे, असे तेथे सुचविले आहे. पूर्वी या रीतीत काही अतिरेकही झाला असेल, हे पोपमहोदय नाकारीत नाहीत. आजी-आईच्या पिढीला ही रीत अंगवळणी पडली होती. तिच्यामुळे रात्रीचे जागरणही व्यर्थ जात नाही, ते प्रीतीच्या खात्यात जमा होते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. दारुड्या पतीचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘देवाला अर्पण कर’ असे सांगून घरी धाडणे ही ख्रिस्ती आशा नव्हे. दुःख कमी करण्यासाठी शक्य ते सर्व करणे हे कर्तव्यच आहे, असे हेच पत्र छत्तिसाव्या परिच्छेदात बजावते. जे टाळता येत नाही ते अर्पण करावे, जो अन्याय दूर करता येतो तो नाकारावा. बखितांचा नकार आणि त्यांची दारावरची सेवा, दोन्ही एकाच आशेतून आले. पत्रात हे धागे सुटे राहिले आहेत. धर्मग्रामातील अभ्यासमंडळांनी हे परिच्छेद एकत्र वाचावेत आणि आपल्या परिसरातील कोणत्या घरात अर्पणाची नव्हे, तर मदतीची गरज आहे, हेही त्याच बैठकीत विचारात घ्यावे.