नाममुद्रा आणि निनावी संदेश

सामाजिक माध्यमांनी मौखिक संस्कृतीचे पुनरागमन घडविले, हे विधान आता जवळजवळ गृहीतकासारखे वावरू लागले आहे. वॉल्टर ऑंग यांनी 1982 मध्ये ‘दुय्यम मौखिकते’ची चर्चा केली ती रेडिओ, दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी यांच्या संदर्भात, तीच संकल्पना मोबाइलवरील संदेशांना सरसकट लावली जाते. संदेश हातोहात पुढे जातो, वाटेत त्याचे शब्द बदलतात, मूळ कर्ता कोण हे कोणी विचारीत नाही. म्हणून हा लोकसाहित्याचाच नवा अवतार होय, असा हा युक्तिवाद आहे. त्याच्या जोडीला रोलाँ बार्थ यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ उभा केला की सिद्धांत पुरा झाल्याचे समाधान मिळते. हे साम्य कितपत खरे आहे, याची तपासणी मात्र क्वचितच होते.

या तपासणीसाठी वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव सोयीचे आहे; ते अपवादात्मक आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या परिसरामुळे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातच परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नरसी आहे, आणि विसोबा खेचरांच्या भेटीची कथा ज्या देवळाशी निगडित आहे ते औंढा नागनाथही येथेच आहे. सप्टेंबर 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि अशा गावांतूनही हळदीचा भाव, अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका, सोयऱ्यांच्या लग्नाची छायाचित्रे आणि एखाद्या थोर लेखकाच्या नावाने आलेला सुविचार एकाच पडद्यावर दिसू लागला. पूर्वी या गोष्टींच्या जागा निरनिराळ्या होत्या. भाव मोंढ्यात कळे, पत्रिका देवळाच्या भिंतीवर लागे, बातमी पारावर येई. जागेबरोबर विश्वास ठेवण्याची रीतही बदलत असे. मोंढ्यातल्या बोलण्यावर जितका संशय घ्यावा तितका कीर्तनातल्या बोलण्यावर घेत नसत. पडद्याने या जागाच पुसून टाकल्या, आणि दैनंदिन जीवनातील खरा बदल हा आहे.

नामदेवांच्या गाथेत कर्तृत्वाचा प्रश्न फार जुना आहे. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा असलेली प्रत्येक रचना चौदाव्या शतकातील नामदेवांची नाही, हे अभ्यासकांना केव्हापासून ठाऊक आहे. विष्णुदास नामा आणि इतरांच्या रचना तिच्यात मिसळल्या आहेत. ख्रिश्चन नोव्हेत्झके यांनी 2008 च्या आपल्या ग्रंथात कीर्तनकारांच्या बाडांकडे लक्ष वेधले, ते याच संदर्भात. बाड हे प्रयोगाचे साधन होते. दुसऱ्याच्या नावाने रचना करणारा कवी त्या नावाच्या परंपरेत स्वतःला विलीन करीत असे. पण ती रचना कोणीतरी उभे राहून, टाळकऱ्यांसमोर, आपल्या गळ्यातून म्हणावी लागे. रचणारा अज्ञात असला तरी म्हणणारा कधीच अज्ञात नसे.

शिवाय या परंपरेला चोरी आणि भेसळ यांची तीव्र जाणीव होती. साळोमालोने तुकोबांच्या अभंगांत स्वतःची मुद्रा घातल्याची कथा सांगितली जाते, आणि त्याच्यावर रोष व्यक्त करणारे अभंग गाथेत आहेत. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. मौखिकता म्हणजे मोकाट रान, असे समजणाऱ्यांनी या घटनेचा जरा विचार करावा.

पुढे ढकललेल्या संदेशाची रीत साळोमालोच्या नेमकी उलट आहे. साळोमालो दुसऱ्याच्या शब्दांवर आपले नाव घालीत होता. येथे आपल्या शब्दांवर दुसऱ्याचे नाव घातले जाते. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी निवर्तले, तरी त्यांच्या नावावर नवा मजकूर फिरतच राहतो. हा लेखकाचा मृत्यू खासच नव्हे. बार्थ यांना अभिप्रेत होती ती वाचकाची मुक्ती; येथे वाचकावर नावाचा दाब पूर्वीपेक्षा वाढला आहे. मिशेल फुको यांनी 1969 मध्ये मांडलेली ‘लेखक-कार्या’ची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते: लेखक गेला तरी त्याचे नाव मजकुराला वजन देण्याचे काम करीत राहते. मात्र फुको यांच्या विवेचनात हे कार्य मजकुराला शिक्षापात्र, म्हणजे जबाबदार, करण्याशी जोडलेले होते. संदेशात वजन उरले आणि जबाबदारी गळून पडली.

हा केवळ साहित्यशास्त्राचा प्रश्न नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते, बहुतेक मंगळवेढा परिसरातले. दारोदार जाऊन बोलणे, गाणे आणि मागणे ही ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्याच्या माणसांचे बोलणे ऐकून घ्यायला तेथे कोणी थांबले नाही; बोलणारा नसलेल्या संदेशावर मात्र विश्वास बसला. मौखिकतेच्या पुनरागमनाचा सिद्धांत मांडणाऱ्यांना या घटनेचा अर्थ लावता येत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने अशा संदेशावर तो ‘फॉरवर्ड’ केलेला असल्याची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच तो पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. ही खूण म्हणजे एक उलटी नाममुद्राच आहे: पाठविणारा हा कर्ता नव्हे एवढेच ती सांगते, कर्ता कोण ते सांगत नाही.

दोष तंत्राचा, असा निष्कर्ष काढण्याची घाई करण्याचे कारण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येत आहेत. त्यांत माजलगावच्या स्त्रियांनी गायिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही आहेत. ओवीला बहुधा नाममुद्रा नसते. येथे मात्र प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव नोंदविलेले आहे. जात्यावर जी निनावी राहिली असती तिला याच माध्यमात नाव मिळाले. म्हणजे माध्यम एकच, नोंदीची शिस्त वेगळी.

सप्ताहात आता बाडाऐवजी मोबाइलमध्ये पाहून अभंग म्हणणारे कीर्तनकार मराठवाड्यात दुर्मीळ नाहीत. त्यांच्या पडद्यावरचा पाठ कोणत्या गाथेतून आला, हे बहुधा तेथे लिहिलेले नसते. पण चरण चुकला तर मागे उभा असलेला म्हातारा टाळकरी टाळ न थांबवता मूळ चरण वरच्या पट्टीत म्हणतो, आणि कीर्तनकाराला पडद्यावरून नजर उचलावी लागते.